मामांनी पाठीनं अडवलेला वारा

शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा शहापूरच्या घरी मी पोरांचे स्वेटर उन्हात टाकत होते. "मामा गेले," एवढंच. दीड महिना झाला, तरी माझा संताप ओसरत नाही… छातीचं दुखणं जन्मभर मामीचं, आणि गेले मामा!

मुरबाड तालुक्यात, म्हशाजवळ त्यांचं घर. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप. पावसात लेप सुटायचा आणि पौषातली म्हशाची जत्रा जवळ आली की फटींतून असा वारा शिरायचा की गोधडीतही दात वाजावेत. मामीला दमा. गार वारा लागला की तिचा श्वास अडकायचा, आणि सगळं बंद करावं तर चुलीच्या कोंडलेल्या धुरानं अडकायचा. या कात्रीत मामांचे सगळे हिवाळे गेले. भात झोडून झालं की ते कूड लिंपायला बसत. नव्वदनंतरच्या एका वर्षी हौसेनं त्यांनी छपराखालच्या फटींत पेंढाही कोंबला. खोली मस्त ऊबदार झाली, पण पेंढ्याच्या धुळीनं मामी बेजार. ती अंगणात गोधडी पांघरून धापा टाकत बसलेली आणि मामा पेंढा उपसून बाहेर आणतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "सोन्यासारका पेंढा गो सुमे, आनि इख झाला बग," म्हणाले. मग आम्हा शहाण्यांचं ऐकून त्यांनी विटांची खोली बांधली, वर सिमेंटचे पत्रे. ती तर कुडाहून गार निघाली! दोघं मुकाट जुन्या खोलीत परतली.

पुढे एका थंडीत मी राहायला गेले होते. सकाळी चहा ठेवायला उठले तर मामा बंद दाराला पाठ लावून आडवे झोपलेले. दाराखाली चांगली चार बोटं फट होती.

"मामा, गोणपाट कोंबा की तिथं!"

"गोनपाट काय उठून बाजूला व्हतं का गो?"

मामीचा जीव कोंडला की ती "सरका जरा" म्हणायची आणि मामा झटकन उठून दार उघडायचे. ती सावरली की दार लावून पुन्हा आडवे. असं किती वर्षं चाललं होतं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

यंदा त्यांना खोकला झाला, मग ताप. मामी चुलीजवळ निजा म्हणून ओरडत होती. "थंडी सरू दे, मंग निजतू," हे त्यांचं उत्तर. मुरबाडला दवाखान्यात नेईपर्यंत छाती भरून गेली होती.

दिवसकार्याला राहिले तेव्हा मीच दाराशी गोणपाट गुंडाळून ठेवलं. दुसरं करणार काय?

"माज्यापायी गेले गो," मामी म्हणाली. "तुमी नशीब म्हनताव. नशीब नाय, मी."

मी शहापूरला चला म्हटलं, तर तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

निघायच्या सकाळी चुलीत ओलं लाकूड गेलं आणि खोलीभर धूर झाला. मामी अंथरुणात उठून बसली. छाती दाबून दाराकडे बघत म्हणाली, "सरका जरा…"

मी धावत जाऊन गोणपाट ओढलं, दार सताड उघडलं. वारा आत आला, धूर निघून गेला. मामी मात्र दाराखालच्या जमिनीकडेच बघत होती, अजून कोणीतरी उठायचं बाकी असल्यासारखी.