ठमाबाईच्या सहा कपबश्या

पनवेलच्या खाडीलगतच्या आगरी आळीत चहा सगळेच पीत, पण जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पेल्यातून. १९५१ साली ठमाबाईने बाजारातून निळ्या फुलांच्या सहा कपबश्या आणल्या. नवरा बळीराम मिठागरावरून आला आणि बघतच राहिला.

"पेल्यात चा गोड लागत नाय काय?"

"लागतो. पन चारचौघांत दिसत नाय," ठमाबाई म्हणाली.

महिन्याभरात शेजारची भामा दारात आली. तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. ठमाबाईने कपबश्या दिल्या, पण एका अटीवर: त्या ती स्वतः धुणार आणि तोवर तिथेच बसणार. ती बसली, बसल्या बसल्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली, आणि लग्न जमल्यावर मानाचं लुगडंही घेतलं. पुढे आळीत असा रिवाज पडला की भटजींना दिवस विचारण्याआधी लोक ठमाबाईला विचारत, "कपबश्या मोकळ्या हायेत ना?"

चार वर्षांनी काशीरामच्या मुलीला, जनीला बघायला उरणकडची मंडळी आली. मुलाचा मामा तुळशीराम आदल्याच आठवड्यात दुसऱ्या भाच्यासाठी आळीतल्या दुसऱ्या घरी येऊन गेला होता. त्याने कप उचलला, फिरवून पाहिला.

"या आळीत सगळ्यांकडं सारख्याच कपबश्या?"

"एकाच दुकानातल्या हायेत," काशीराम घाईने म्हणाला.

"आनि कानबी एकाच जागी तुटलाय?"

ठमाबाईने पदर सारखा केला. तेवढ्यात जनीच म्हणाली, "कपबश्या ठमाकाकीच्या हायेत, मामा. पोहे आमचे."

काशीरामने कपाळाला हात लावला. तुळशीराम मात्र पोट धरून हसला. "बरं झालं बाय, सांगितलंस! आमच्याकडं याल तेवा खुर्च्या दिसतील, त्याबी शेजारच्याच हायेत."

लग्न ठरलं. खरं बोलल्याने जनीचं भलं झालं, हे साऱ्या आळीने पाहिलं आणि त्यातून धडा घेतला तो असा, की कपबश्या स्वतःच्या हव्यात. वर्ष-दोन वर्षांत घरोघरी फळीवर कपबश्या मांडल्या गेल्या. ठमाबाईला बोलावणं यायचं बंद झालं. मुली बघितल्या जात, लग्नं ठरत, आणि तिला ते पाणवठ्यावर कळे.

"लोकांना नुसती हाव सुटलीया," ती बळीरामला म्हणाली, आणि पुढच्या दिवाळीत तिने स्टीलचा डिनर सेट घेतला. दाराच्या समोरच मांडला. भामा आली, ताटात तोंड पाहून गेली.

"लागलं तर सांग गो, देईन," ठमाबाई जरा लगबगीनेच म्हणाली.

"नको गो. आमी नवाच आनतो."

आठवड्याने भामाकडे सेट आला. दोन वाट्या जास्तच होत्या. तो बघायला म्हणून ठमाबाई दुपारी गेली, ती दिवेलागणीला घरी आली. तोवर भामाच्या धाकटीचं स्थळ दोघींनी मिळून पक्कं केलं होतं.