एरर आली तर ‘नाही’ छाप

उमेळे गावात त्या दुपारी एका म्हाताऱ्याचा हात आम्ही मोडला. ‘संतप्त जमावाने’ असं आंदोलनाच्या पत्रकात लिहितात. मी लिहिणार नाही. आम्ही मोडला, आणि निमित्त माझ्या प्रोग्रॅमने दिलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टँकरवाले विहिरी उपसून नेत होते, केळी उभ्या वाळत होत्या. ‘पाणी विकणार नाही’ अशा सह्या आम्ही घरोघर घेतल्या. त्या मी कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर चढवल्या. सर्व्हे नंबर टाकायचा. सही ‘आहे’ की ‘नाही’ ते मशीन सांगणार. नंबर म्हणजे फक्त आकडे, असं मी धरलं होतं. अक्षर टाकलं की मशीन एरर देऊन अडायचं. सभेत हसं होईल म्हणून मी एक ओळ घुसवली: एरर आली तर ‘नाही’ छाप.

शाळेच्या हॉलमध्ये सभा, मशीन तिथेच आणलेलं. म्हाताऱ्याच्या बांधाशी टँकर दिसला, अशी बोंब आधीच उठलेली. आमच्या एका पोराने त्याच्या सातबाऱ्यावरचा नंबर अक्षरासकट टाइप केला: 112/A.

पडद्यावर ‘नाही’.

“विकला गेला म्हातारा!” हॉलमधून कोणीतरी ओरडलं.

“अरे, माझ्या ओट्यावर बसून सही घेतलीत. चहा पिऊन गेलात!”

“काका, मशीन चहा पीत नाही!”

हॉल हसला. हसता हसताच पहिली थप्पड बसली. मग लाथा. मग लोखंडी खुर्ची. डोकं वाचवायला त्याने उजवा हात वर केला आणि मनगट काटकीसारखं वाजलं. मी पडद्याकडेच बघत होतो. माझा मशीनवर विश्वास होता!

संध्याकाळी मूळ कागद काढले. सही होती. मशीनमध्येही होती, नुसत्या ११२ खाली.

‘शोधलं, सापडलं नाही’ हे एक उत्तर. ‘तुम्ही दिलंत त्यावरून मला शोधताच येत नाही’ हे दुसरं. दुसऱ्याच्या जागी पहिलं देणारा प्रोग्रॅम खोटारडा. चुकीच्या प्रकारचा नंबर आला तर त्याने बोंबलावं, थांबावं, सभा बंद पाडावी. मशीन बोंबलतच होतं. त्याच्या तोंडात बोळा मी कोंबला.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला.

“काका, सही सापडली.”

“हरवली कुठे होती?” त्याने कागद डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला. “पानी मी विकनार नाही. पन तुमच्या यादीत मला ठेवू नको. मला खोडता येत नाही. तू खोड.”

त्याच्यासमोर खोडली.