न तोडलेली फुलं

धाकट्या जावेनं काढलेलं बागेचं चित्र दिरांनी गुलमंडीवरून फ्रेम करून आणलं आणि हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलं. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे, एका फुलाला धड पाकळी नाही. चार पावलं मागं गेलं की मात्र आमचीच गच्ची. तगर, जास्वंद, शेवंती, सगळं कोवळ्या उन्हात भिजलेलं. त्यातली एकेक कुंडी मी लावलेली. नळाला पाणी येईल त्या दिवशी ड्रम भरायचा आणि पुढचं पाणी येईपर्यंत तांब्या-तांब्यानं पुरवायचं, हे काम माझं. कौतुक मात्र तिचं. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू.

येणारे-जाणारे सोफ्याकडं बघून अर्थ लावत. पांढरा रंग म्हणजे मनाची शांती, लाल म्हणजे घरातली माया. मी चहाचे कप उचलता उचलता चित्रात स्वतःला शोधायची. एकदा कोपऱ्यात उभा निळा पट्टा दिसला. माझी रोजची साडी निळीच.

"ही मी का गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही ताई, तो पाण्याचा ड्रम."

सासूबाई चष्मा पुसून चित्राकडं बघत म्हणाल्या, "आपल्या गच्चीवर एवढी फुलं? मला तर कधी दिसली नाय बाई."

दिसणार कशी? उजाडलं की मी परडी घेऊन वर जाते. देवघर, उंबरा, तुळस करता करता एक फूल मागं राहत नाही. मग हिनं तरी ती कुठं पाहिली? मनानंच रंगवली असणार, असं मी ठरवून टाकलं आणि जिवाला जरा थंड वाटलं. तसं बोलूनही दाखवलं.

"नाही ताई, बघूनच काढलं," ती म्हणाली. "तुम्ही कन्नडला माहेरी गेला होतात ना, तेव्हा. फुलं तोडायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी गच्चीचं दार उघडलं आणि मी बघतच राहिले."

"व्हय," सासूबाई म्हणाल्या, "देवाला तेवढे दिवस बाजारचा हार आणला."

माझा नुसता तिळपापड झाला होता, पण तिला त्याचा पत्ता नव्हता. दिवाणाला टेकवून ठेवलेल्या नव्या, दुप्पट मोठ्या कॅनव्हासवरून हात फिरवत तिनं अगदी मायेनं विचारलं,

"ताई, आता पुन्हा माहेरी कधी जाणार तुम्ही?"