गेटवर ठेवा, फोटो काढा

आमच्या सूनबाईनं, कवितानं, लोणावळ्याजवळ औंढ्याला घरातच किचन काढलंय. मोबाईलवर ऑर्डर येते, ती पिठलं-भाकरी करते, डिलिव्हरीवाले लोणावळ्यातल्या बंगल्यांवर पोचवतात. पार्सल बांधून होईस्तोवर ते दारातल्या बाकड्यावर बसतात. जाताना पार्सल नेतात आणि किस्सा इथंच टाकून जातात! मी चौथी शिकलेला म्हातारा. किती डोक्यात ठेवू? म्हणून लिहून काढतोय.

यातले बरेचसे भीमरावचे. कार्ल्याचा भीमराव, वय त्रेपन्न. कारखान्यातलं कंत्राट संपलं आणि गडी मोटारसायकलवर बसला. डिलिव्हरी कंपनीचा नियम असा, की तीन तक्रारी झाल्या की आयडी बंद, म्हणजे काम बंद. मग या वयात त्याला कोण दारात उभं करणार?

*

पहिली तक्रार नकाशानं लावली. मोबाईलमध्ये बंगला दीड किलोमीटर. भीमराव गेला, तर मध्ये रेल्वेचे रूळ! पलीकडे गच्चीवर गिऱ्हाईक हात हलवतंय.

"अहो, मला दिसताय की तुम्ही! या ना!"

भीमराव ओरडला, "सायेब, दिसतो तर मी बी. पण मोटारसायकलला पंख न्हाईत!"

फाटकावरून वळसा घालून गेला. भाकरी गार. तक्रार एक.

*

दुसरी तक्रार माझ्यामुळं. खोटं कशाला बोलू?

कविता दळण आणायला गेली होती. मोबाईल माझ्यापाशी. तो मेला दर दोन मिनिटांनी बोंबलायचा. मी बटण दाबून त्याला गप्प करायचो. फोन कट करतात तसं. कविता परत येते तर बाकड्यावर माणसं मावेनात! सात जण!

"आबा, ही सगळी कोण?"

"मला काय ठावं? मी कुणाला बोलावलं न्हाई!"

ते बटण ऑर्डर घ्यायचं होतं. सातवं पार्सल भीमरावचं. तासभर बसला बिचारा. चूक माझी, तक्रार त्याच्या नावावर. ही कसली रीत? मी माफी मागायला गेलो, तर म्हणतो, "ऱ्हाऊ द्या आबा. तासभर पाठ तरी टेकली."

*

एकदा ऑर्डरखाली गिऱ्हाईकानं लिहिलं, 'प्लीज, अगदी घरच्यासारखं द्या.'

मी म्हणालो, "मग कालचं उरलंय ते दे!"

कवितानं मला किचनमधून बाहेर काढलं.

*

एका बंगल्यावर बाईंनी दार उघडलं. भीमरावचे पांढरे केस बघून कळवळल्या. "अहो काका, या वयात तुम्ही कशाला? मुलाला पाठवायचं ना!"

"पाठवला असता ताई. पण त्यो पुण्यात बसून ऑर्डरच करतोय!"

बाईंनी त्याला चहा पाजला. कपबशीतून. मला हे सांगताना 'कपबशीतून' दोनदा म्हणाला.

*

आता परवाचं. ऑर्डरवर लिहिलेलं, 'बेल वाजवू नका. गेटवर ठेवा, फोटो काढा.' भीमरावनं पिशवी गेटला अडकवली, फोटो काढला आणि मोटारसायकलकडं वळला. बंगल्यातून लगेच कंपनीला कळवलं, जेवण मिळालं नाही.

भीमराव बाकड्यावर येऊन बसला. तोंड उतरलेलं. ही लागली तर तिसरी तक्रार. तेवढ्यात कंपनीच्या पोरीचा फोन. भीमरावनं स्पीकर लावला. मी कानाशी पुटपुटलो, "वॉचमनला दिलं म्हण. खपून जाईल."

त्यानं मानेनं नाही म्हटलं.

"सर, तुमचा फोटो बघतेय. हे गेटवर कोण बसलंय?"

"माकड, म्याडम."

"म्हणजे ऑर्डर...?"

"व्हय. त्येनंच घेतली. मी परत फिरलो, पण तवर त्यानं पिशवी फाडलीवती."

बाकड्यावरची पोरं फोनभोवती गोळा झाली. कविता पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. मी आयुष्यात कधी देवाला काही मागितलं नाही, पण त्या वेळी...

"सर, ही तक्रार तुमच्या नावावर टाकत नाही. कस्टमरला मी दुसरं जेवण पाठवते."

भीमराव डोळे पुसत बसला. फोन मात्र चालूच. पोरगी हळूच म्हणाली, "सर, एक विचारू? नीट जेवला का तो?"

"भाकरी खाल्ली, म्याडम. ठेचा माझ्या अंगावर फेकला."