चिन्नूचा उपास

टेबलावर टॉवेल, टॉवेलात साप, आणि वास असा की आमचा कंपाउंडर खिडकी उघडून तिथंच उभा राहिला.

"मॅडम, खाल्लेलं सगळं बाहेर टाकलं की ओ यानं," होटगीचे अप्पा म्हणाले. रेल्वेतून रिटायर झालेले, घरात एकटे. साप मुलीचा. ती नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि चिन्नूला बापाच्या हवाली करून गेली. जात बॉल पायथन, म्हणजे परदेशी, बिनविषारी, स्वभावानं गरीब अजगर. कागदपत्रं रीतसर होती. सोलापुरात मी आजवर कुत्री आणि म्हशीच पाहत आले. असले पेशंट आता आता येऊ लागलेत.

"किती खायला घालता?"

"रोज एक बारका उंदीर. सोमवार सोडून. सोमवारी त्याचा उपास असतोय."

मी कपाळावर हात मारला. पूर्ण वाढलेल्या या सापाला दोन-तीन आठवड्यांतून एकदा, त्याच्या अंगाच्या जाडीएवढा एक उंदीर पुरतो. खाल्ल्यावर दोन दिवस हातही लावायचा नसतो. अप्पा त्याला रोज मांडीवर घेऊन टीव्ही बघत. जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस फ्रीजरमधले उंदीर कोमट पाण्यात ठेवून चिमट्यानं भरवत होता.

"पण रोज कशाला, अप्पा?"

"मी ताटावर बसलो की ते काचेतून बघतंय. घास उतरत न्हाय ओ."

खाल्लेलं असं बाहेर टाकण्याला आम्ही रिगर्जिटेशन म्हणतो. न पचलेलं परत येतं, सोबत पोटातलं आम्ल येतं, आणि आतून सगळं भाजून निघतं. उपाय एकच. दोन आठवडे फक्त पाणी. त्याआधी खायला दिलं तर पुन्हा ओकणार, आणि मग वाचणं अवघड. हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

"आता रोज सोमवार समजा."

"व्हय, कळलं की."

पुढच्या आठवड्यात तोच टॉवेल. चिन्नू हलत नव्हता. ओकताना श्वासनळीत गेलं होतं. तोंड साफ केलं, ऑक्सिजन दिला. काही उपयोग झाला नाही.

मी चिडले. "नको म्हटलं होतं ना! का घातलंत?"

अप्पा भिंतीला टेकले. "त्याच्यासंगं मीबी उपास धरला होता, मॅडम. दूध-केळ्यावर होतो. काल पोरीनं फोनवर माझं तोंड बघितलं, लई रडली. जेवा म्हणाली. मग जेवलो. मी जेवलो, मग त्याला कसं ठिवू उपाशी?"

माझा राग गेला आणि नुसती हतबलता उरली. या माणसाला देण्यासारखं माझ्याकडं औषध नव्हतं.

"पोरीला काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"मग तिला वाटंल की, तिनंच मारलं."

अप्पांनी टॉवेलाची टोकं नीट दुमडली आणि तो उचलून नेला.

आता कोणी साप घेऊन आलं, की तो काय खातो हे मी नंतर विचारते. आधी विचारते, घरी तुमच्यासोबत जेवायला कोण असतं.