दोन्ही अंगांनी सारखी लाट

सर्व आप्तेष्ट, मित्रमंडळी आणि सातारा-सांगली पट्ट्यातल्या तमाम जनतेस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, माझे साडू अजूनही जगाचा तोल सावरण्याच्या कामी लागलेले असून त्यांच्यात सुधारणेचं कोणतंही लक्षण नाही. हे जग एका बाजूला कललेलं आहे, असं चहा पिताना पुष्कळ लोक म्हणतात. पण म्हणून ट्रेमधले कप सरकवायला कुणी उठत नाही. माझे साडू उठतात.

माधवनगरला त्यांचं ट्रक-टेम्पोच्या चाकांचं बॅलन्सिंग करायचं दुकान आहे. चाक मशिनवर फिरवायचं, कुठल्या अंगाला जड आहे ते बघायचं आणि समोरच्या अंगाला शिशाचा एवढासा तुकडा ठोकायचा, हा त्यांचा धंदा. धंदा दुकानापुरता ठेवावा, ही रीत मात्र त्यांना कुणी शिकवली नाही. स्कूटरला डावीकडे भाजीची पिशवी असली की उजवीकडे ते दगड अडकवतात, आणि घरी पोचल्यावर भाजीबरोबर दगडही आत नेतात. एका बारशाला बायका वरवंट्याला टोपडं घालून तो पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देत होत्या. साडूंनी तो मधेच पकडला आणि बाळाच्या पायाशी नेऊन ठेवला. "डोक्याकडं झुकल्याला पाळना. आता बगा कसा झुलतोय!" पाळणा खरोखरच झक्क झुलू लागला, पण बाळाची आजी त्यांच्याशी आजतागायत बोलत नाही. पंगतीत मला ते नेहमी मधोमध बसवतात. मी याला बरीच वर्षं मान समजत होतो.

अशा माणसाच्या हाती मोटरबोट लागू नये, एवढं तरी देवानं बघायला हवं होतं. मूळचं हे घराणं म्हसवडकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागं हिंडलेलं. "आमच्या आज्ज्याचा जल्म पानी हुडकन्यात गेला. त्येला ही बोट दावायला पायजे हुती," असं साडू म्हणतात, आणि तेव्हा मला चेष्टा सुचत नाही. बोट त्यांनी घेतली ती लेकीसाठी. ऋतुजा कॉलेजात असताना गोव्याला गेली आणि तिथं एक खेळ शिकून आली. त्यात पायांना फळी बांधायची, धावत्या बोटीमागं दोरी धरून पाण्यावर उभं राहायचं, आणि बोटीनं उठवलेल्या लाटेवरून उड्या मारायच्या. पण लाट हवी कशी? उंच, दोन्ही बाजूंनी सारखी, आणि माथ्यावर फेसाचा टिपूस नाही अशी. फेसाळ लाटेवर फळी धरतच नाही. बोटीचा मागचा भाग पुरेसा जड हवा, तरच लाट उठते. फार जड झाला तर नाक आकाशात जातं. एखादी बाजू कलली तर दुसऱ्या बाजूची लाट पिठल्यासारखी फुटते.

माझी मेहुणी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बाप-लेक दोघंच. अशात गोव्याच्या त्या क्लबातून ऋतुजाला बोलावणं आलं, तिथंच राहून तयारी करायला. साडू म्हणाले, "लाटंसाठी घर सोडतीस व्हय? लाट मी करून देतो." ती हसून म्हणाली, "द्या करून. हितं चांगली लाट मिळाली तर कशाला जाऊ?" ती गमतीत बोलली होती. साडूंनी गमतीत ऐकलं नाही.

त्या दिवसापासून दर रविवारी आमची वरात साताऱ्यावरून कोयना धरणाच्या फुगवट्यावर जाऊ लागली. पहिल्यांदा त्यांनी ट्रकच्या ट्यूबांत पाणी भरून त्या बोटीच्या मागच्या अंगाला रचल्या. बोट वळली की ट्यूबा म्हशींसारख्या एकमेकींच्या अंगावर लोळत पलीकडे जायच्या. मग वाळूची पोती आली. ती तुषार पिऊन पिऊन दुपारपर्यंत सकाळच्यापेक्षा जड व्हायची, की साडूंचा सकाळचा सगळा हिशोब पाण्यात. दर रविवारी संध्याकाळी ते काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत. "डावी बाजू फुटती. उजवीकडं मी बसतो चालवायला, म्हनून डावी हलकी पडती. कळतंय सगळं, पावनं. पन जमंना." मी धीर द्यायचो. पण मलाही लाट दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त ऋतुजाची बॅग, दर आठवड्याला थोडी थोडी भरत आलेली.

ती जायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी ठरवलं, की माणसं बसवायची. माणूस लोळत नाही, पाणी पीत नाही, सांगितलं की सरकतो. इथं त्यांची आयुष्यातली सर्वात मोठी चूक झाली. वजन म्हणून निवडलं होतं मला आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना. आक्का नऊवारीवर लाइफ जॅकेट चढवून आल्या आणि थेट पुढं जाऊन बसल्या.

"आक्का, मागं बस."

"का रं? मी थोरली हाय. जीपगाडीत सुदिक मी फुडंच बसती."

"आगं, लाट मागनं येती!"

"मग तिला म्हनावं फुडं ये."

बऱ्याच विनवण्यांनंतर आक्का उठल्या. आता थोरलं माणूस उठून आपल्याकडे येत असताना आपण बसून राहायचं, हे आमच्या रक्तात नाही. मी मागच्या डाव्या कोपऱ्यातून उठून "आवं बसा, बसा" म्हणत जागा दिली. त्या "न्हाई, तुमी पावनं मानूस, तुमीच बसा" म्हणून उजवीकडे सरकल्या. या आदरातिथ्यात बोट एवढी कलली, की मागं दोरी धरून उभी असलेली ऋतुजा तोंडावर आपटली. त्याबरोबर आक्का "पोर बुडाली!" म्हणून धावल्या आणि बोट आणखी कलली. दिवसभर हेच. ऋतुजा उठायची, डावी लाट फुटायची, ती पडायची, आक्का धावायच्या. साडूंनी मागचं दिसायला बोटीला लावलेल्या आरशात बघणंसुद्धा सोडून दिलं.

उन्हं उतरली. अंधाराच्या आत बोट काठाला लागायला हवी होती, आणि सकाळी ऋतुजाची गोव्याची गाडी होती. ती वर चढली, फळी सोडली आणि माझ्या शेजारी, डाव्या कोपऱ्यात, अंगाला टॉवेल गुंडाळून बसली. "राहू दे पप्पा. लय केलं तुमी."

साडूंनी बोट परतीला लावली, नेहमीच्याच वेगानं. मी सहज मागं पाहिलं.

बोटीच्या मागं दोन्ही बाजूंना लाट उभी होती. उंच, सारखी, इस्त्री फिरवल्यासारखी गुळगुळीत, आणि माथ्यावर फेसाचा ठिपका नाही. रिकामी दोरी मधोमध पाण्यावर टप्पे घेत येत होती. मी साडूंच्या खांद्याला हात लावला. त्यांनी आरशात पाहिलं.

"कुनी हलू नका," ते एवढंच म्हणाले.

कुणी हललं नाही. ऋतुजाचा हात आपसूक फळीकडे गेला, ती अर्धी उठली. डाव्या लाटेला लगेच फेस आला.

"बस गं. बस."

ती बसली. लाट पुन्हा काचेसारखी झाली.

"आरं, लाट आली खरी," आक्का म्हणाल्या, "पन पोरगी तर हितं बसलीया!"

ऋतुजा खदखदून हसली. मग मी हसलो. साडू हसले नाहीत, की थांबलेही नाहीत. काठ आला तरी ते वळले आणि आम्हाला आणखी एक फेरा मारून आणलं. आपण कशासाठी फिरतोय, हे कुणी विचारलं नाही. अखेर काठाशी येऊन त्यांनी इंजिन बंद केलं. तेव्हा मागून आमचीच लाट येऊन पोचली, तिनं बोट अलगद उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि काठाच्या चिखलात विरून गेली. साडू आरशाकडेच बघत होते. मान न वळवता ते एकदम म्हणाले,

"पोरी, उद्याच्या गाडीत तुजी शीट कुठल्या बाजूला हाय गं?"