बॉनमधली ओटी

२००८ साली मी तुमच्या बाबाकडे बॉनला होते, तेव्हा खालच्या मजल्यावर एक जर्मन जोडपं राहायचं, दोघी बायका. त्यातल्या उंच बाईबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. बोलायची माझ्याशी इंग्रजीत, पण वाक्य संपलं की स्वतःच "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणून त्यावर मान डोलवायची. गरोदर होती तिची जोडीदार, पण कॉफी सोडली होती हिने, आणि जिनाही हीच जपून उतरायची. बीज हिचं होतं. स्पेनमधल्या डॉक्टरांनी ते जोडीदारणीच्या पोटात रुजवलं होतं. जर्मन कायद्याने मात्र जन्म देणारी तेवढी आई. हिला स्वतःच्याच बाळाला दत्तक घ्यावं लागणार होतं, आणि त्याआधी युगेंडआम्टची, म्हणजे बालकल्याण कचेरीची, बाई घर बघायला येणार होती. ती नको म्हणाली तर, या धास्तीने ही सारखी खिडक्या पुसायची.

सातव्या महिन्यात मी जोडीदारणीची ओटी भरली. ही फोटो काढत होती. मध्येच कॅमेरा ठेवून तिने स्वेटरचं टोक पसरलं. "माझीही भराल?"

डोहाळजेवणाला दोघींची ओटी भरलेली मी कधी पाहिली नव्हती. तरी ओंजळभर तांदूळ घेतले. नारळ एकच आणला होता, म्हणून सफरचंद घातलं.

"लवकर फोटो काढ," ती जोडीदारणीला म्हणाली. "युगेंडआम्टच्या बाईंना दाखवू."

"त्यांना काय कळणार आहे यातलं?"

"मी समजावेन ना."

मी म्हटलं, "थांबा जरा. हिला कुंकू लावायचं राहिलंय."